अवटू ग्रंथी, स्थूलता आणि मेदयुक्त यकृत : बदलत्या राहणीमानाचा आरोग्यविषयक धडा

बेंगळुरू शहर जिल्ह्याच्या आग्नेयेस, तमिळनाडूच्या सीमेला भिडलेला आनेकल तालुका म्हणजे भारताच्या बदलत्या अर्थव्यवस्थेचे एक लहान प्रतिरूपच होय. नाचणी, म्हणजेच तिकडची रागी, हे येथील कोरडवाहू शेतीचे पारंपरिक पीक. रागीच्या पिठाचा उकडलेला गोळा, ज्याला ‘मुद्दे’ म्हणतात, आणि सोबत डाळ-भाजीचे पातळ सार हा कष्टकऱ्यांचा नित्याचा आहार. रेशमाचे विणकाम हा येथील जुना व्यवसाय. गेल्या पाच दशकांत या चित्रात मोठा बदल झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आनेकलच्या वेशीवर इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी सुरू झाली. बोम्मसंद्र, जिगणी व अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती वसल्या. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्‍घाटन झाले आणि बोम्मसंद्र थेट महानगराशी जोडले गेले.

रोजगार, शिक्षण आणि आरोग्यसेवा यांची दारे या विकासाने उघडली, यात शंका नाही. देशात नावाजलेले हृदयरोग रुग्णालय बोम्मसंद्र येथेच आहे आणि मधुमेहींना लागणारे इन्सुलिन बनविणारी बायोकॉन ही कंपनीही याच परिसरात आहे. तथापि, या परिवर्तनाची दुसरी बाजूही आहे. नांगर व माग यांच्या जागी संगणकासमोरची खुर्ची आणि पाळ्यांमधले काम आले, मुद्देच्या जागी पॉलिश केलेला तांदूळ, मैदा, तेल व साखर आली. शरीराची हालचाल कमी झाली, झोपेच्या वेळा विस्कटल्या. अशा राहणीमानातून उद्भवणाऱ्या विकारांमध्ये स्थूलता आणि मेदयुक्त यकृत यांचा क्रम वरचा आहे. या दोहोंशी अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, नाते कोणते, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच सार्वजनिक आरोग्य धोरणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. कारण हे नाते चुकीचे समजले गेले, तर उपचारही चुकीच्या दिशेने होतात.

अवटू ग्रंथीचे कार्य

मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेवर, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते. रक्तातील आयोडीन शोषून ती थायरॉक्सिन म्हणजे टी-४ आणि ट्रायआयडोथायरोनिन म्हणजे टी-३ ही दोन संप्रेरके तयार करते. शरीरातील पेशींनी ऊर्जा किती वेगाने खर्च करावी, हे मुख्यतः या संप्रेरकांवर ठरते. हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान, आतड्यांची हालचाल, बालकांची वाढ व मेंदूचा विकास ही सर्व कार्ये त्यांच्याशी निगडित आहेत.

या ग्रंथीवर मेंदूचे नियंत्रण असते. मेंदूतील अधश्चेतक हा भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो व पीयूषिका टीएसएच हे संप्रेरक स्रवते. टीएसएच अवटू ग्रंथीला कामाला लावते. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे असेल तर टीएसएच घटते, थायरॉक्सिन कमी पडू लागले तर टीएसएच वाढते. म्हणूनच अवटू ग्रंथी मंदावल्याची पहिली खूण बहुधा वाढलेल्या टीएसएचमध्ये सापडते. थायरॉक्सिन कमी व टीएसएच जास्त असल्यास त्यास अवटू-न्यूनता म्हणतात. थायरॉक्सिन अद्याप योग्य प्रमाणात, पण टीएसएच किंचित वाढलेले असल्यास ती सुप्त अवटू-न्यूनता होय.

यकृतातील मेद : एक मूक विकार

निरोगी यकृतात मेदाचे प्रमाण अत्यल्प असते. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये मेद साठला की त्यास मेदयुक्त यकृत म्हटले जाते. पूर्वी हा विकार प्रामुख्याने मद्यपींचा समजला जात असे. मद्य न पिणाऱ्यांच्या यकृतातही तशीच विकृती आढळते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे जुर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मांडले आणि या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. ‘मद्यपानाविना होणारा मेदयुक्त यकृतविकार’ हे नाव त्यानंतर अनेक वर्षे रूढ होते. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते बदलून ‘चयापचय-विकाराशी निगडित मेदयुक्त यकृतविकार’ असे नाव स्वीकारले. नव्या नावाने विकाराचे खरे मूळ, म्हणजे चयापचयातील बिघाड, पुढे आणले.

हा विकार टप्प्याटप्प्याने वाढतो. प्रथम केवळ मेद साठतो. काही रुग्णांत पुढे यकृतपेशींचा दाह सुरू होतो. दाह दीर्घकाळ राहिल्यास जखमेवर व्रण उमटावा तसे तंतू तयार होतात, त्यातून यकृत आकसून कठीण होते व सिरॉसिसची अवस्था येते. क्वचित कर्करोगही उद्भवतो. विशेष चिंतेची बाब अशी की, आरंभीच्या टप्प्यांत रुग्णाला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत यकृतातील मेद प्रथम लक्षात येतो.

तीन दुव्यांची साखळी

अवटू ग्रंथी आणि यकृत यांचे नाते परस्परावलंबी आहे. ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते, परंतु पेशींवर प्रत्यक्ष प्रभाव टाकणारे संप्रेरक टी-३ असते. टी-४चे टी-३मध्ये रूपांतर करणाऱ्या प्रमुख अवयवांपैकी यकृत एक आहे. ही संप्रेरके रक्तातून वाहून नेणारी प्रथिनेही यकृतातच बनतात. याउलट यकृतात मेदाचे ज्वलन किती व्हावे आणि रक्तातील कोलेस्टेरॉल किती वेगाने काढून घेतले जावे, हे टी-३च्या आज्ञेवर अवलंबून असते. यकृतपेशींमध्ये टी-३ ग्रहण करणारी जी ग्राहके असतात, त्यांतील ‘बीटा’ प्रकारची ग्राहके हे काम करतात. हृदय व अस्थी यांत ‘आल्फा’ प्रकारची ग्राहके प्रामुख्याने असतात. हा भेद पुढे औषधसंशोधनात निर्णायक ठरला.

अवटू-न्यूनता झाल्यास यकृतातील मेदाचे ज्वलन मंदावते, रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, इन्सुलिनचा परिणाम घटण्याकडे कल होतो आणि मेद यकृतात साठू लागतो. अवटू-न्यूनतेच्या रुग्णांत मेदयुक्त यकृताचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. सुप्त अवटू-न्यूनतेबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही.

स्थूलता हा या साखळीतील मधला दुवा होय. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठलेला मेद निष्क्रिय नसतो. त्यातून मेदाम्ले सतत बाहेर पडतात आणि थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहात मिसळतात. त्याच वेळी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद घटल्याने यकृत स्वतःही साखरेपासून अधिक मेद तयार करू लागते. अशा प्रकारे मेदयुक्त यकृत व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हे विकार हातात हात घालून येतात.

कारण कोणते, परिणाम कोणता?

परीक्षार्थींनी येथे एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही. वजन वाढले, तपासणीत टीएसएच थोडे अधिक आले, म्हणून थायरॉइडमुळे वजन वाढले, असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. पुष्कळदा कार्यकारणभाव नेमका उलटा असतो. मेदपेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवते. मेद वाढला की लेप्टिन वाढते व ते अधश्चेतकाला उत्तेजित करून टीएसएच वाढवते. म्हणजे स्थूल व्यक्तीतील किंचित वाढलेले टीएसएच हे स्थूलतेचा परिणाम असू शकते. वजन घटल्यावर अशा अनेकांचे टीएसएच औषधाविना पूर्ववत होते.

खऱ्या अवटू-न्यूनतेत वजन वाढते, पण ती वाढ बहुधा मर्यादित, सुमारे दोन ते पाच किलोग्रॅम असते. तीतील बराच भाग मेदाचा नसून शरीरात साठून राहिलेल्या क्षाराचा व पाण्याचा असतो. वीस-पंचवीस किलो वाढलेल्या वजनाचा सारा दोष एकट्या अवटू ग्रंथीवर टाकता येत नाही.

या गैरसमजाला इतिहासही आहे. १८९१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी तीव्र अवटू-न्यूनतेने ग्रस्त अशा एका स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क दिला आणि ती पुढे अनेक वर्षे जगली. वैद्यकशास्त्राचा तो मोठा विजय होता. पण हाच अर्क लवकरच वजन घटविण्याचे औषध म्हणूनही वापरला जाऊ लागला. ज्यांची ग्रंथी निरोगी आहे, त्यांना हे संप्रेरक अधिक मात्रेत दिल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि अस्थी व स्नायू झिजतात. म्हणूनच अमेरिकेत थायरॉइड संप्रेरकांच्या औषधपत्रकावर, ही औषधे वजन घटविण्यासाठी वापरू नयेत, असा ठळक इशारा छापणे बंधनकारक आहे.

दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत रुग्णाला मोजावी लागते. सतत थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, मासिक पाळीत बिघाड अशा तक्रारी करणाऱ्या स्त्रीला आळशी ठरविले गेले, तर तिची खरी अवटू-न्यूनता वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहते. गर्भवतीच्या बाबतीत त्याचा परिणाम गर्भाच्या मेंदूवरही होऊ शकतो. याउलट, केवळ टीएसएच थोडे वाढले म्हणून गोळी सुरू करून आहार व व्यायामाकडे पाठ फिरविली, तर यकृतातील मेद शांतपणे वाढत राहतो.

पुण्याच्या अभ्यासाचा बोध

भारतीयांच्या संदर्भात या साखळीला आणखी एक पैलू आहे. त्याचा उलगडा होण्यास महाराष्ट्रातील संशोधनाचा मोठा हातभार लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. या गावांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याची बालके उंची, स्नायू व पोटातील अवयव या बाबतींत लहान होती, परंतु त्यांच्या त्वचेखालील मेदाचे प्रमाण त्या मानाने टिकून होते. दिसायला कृश, पण अंगी मेद अधिक, असे हे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले.

पुढील वर्षी, २००४ साली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ इतकाच होता. मात्र शरीरातील मेद युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के होता. दोघांच्या आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते. वजनकाटा जे सांगत नाही ते या एका छायाचित्राने सांगितले.

यामुळेच भारतीयांसाठी स्थूलतेचे निकष कठोर ठेवण्यात आले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी सर्वसंमतीने २३ ते २४.९ बीएमआय म्हणजे अधिक वजन आणि २५ किंवा त्याहून अधिक म्हणजे स्थूलता, असे निकष सुचविले. जागतिक स्तरावर हे आकडे अनुक्रमे २५ आणि ३० आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली गेली. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण जनतेच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८.७ टक्के लोकांत मेदयुक्त यकृत आढळले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत ना अधिक वजन होते, ना पोटाची स्थूलता. अर्थात, हा केवळ सुखवस्तू शहरी वर्गाचा विकार आहे, ही समजूत टिकत नाही.

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या काळातील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४.० टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष अधिक वजनाचे किंवा स्थूल होते. २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत हेच प्रमाण १२.६ व ९.३ टक्के होते. पाचव्या फेरीत कर्नाटकात हे प्रमाण स्त्रियांत ३०.१ व पुरुषांत ३०.९ टक्के, तर महाराष्ट्रात २३.४ व २४.७ टक्के आढळले. त्याच वेळी दोन्ही राज्यांत पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती. कुपोषण व अतिपोषण एकाच समाजात, कधीकधी एकाच घरात नांदणे, यालाच पोषणाचे दुहेरी ओझे म्हणतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासात देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह व ३९.५ टक्के प्रौढांत पोटाची स्थूलता असल्याचे दिसले. मेदयुक्त यकृताविषयीच्या विविध भारतीय अभ्यासांचे २०२२ साली एकत्रित विश्लेषण झाले, त्यात प्रौढांमधील प्रमाण ३८.६ टक्के आले. हैदराबादच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील ३४५ कर्मचाऱ्यांच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर सुमारे ८४ टक्के जणांच्या यकृतात अधिक मेद आढळला. हा नमुना लहान व विशिष्ट वर्गापुरता असल्याने तो सर्व समाजाला लावता येणार नाही. परंतु इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या परिसरासाठी तो इशारा आहे, हे निश्चित.

अवटू ग्रंथीविषयी बेंगळुरू, मुंबई व गोवा यांसह देशातील आठ ठिकाणी झालेला व २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत १०.९५ टक्के व्यक्तींत अवटू-न्यूनता, तर ८.०२ टक्के व्यक्तींत सुप्त अवटू-न्यूनता आढळली. ३.४७ टक्के व्यक्तींना आपल्याला अवटू-न्यूनता आहे हे तपासणीपूर्वी ठाऊकच नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते.

आयोडीनपासून यकृतापर्यंत : धोरणाचा प्रवास

स्वतंत्र भारतापुढे अवटू ग्रंथीचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो अभावाच्या रूपाने. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंडाचे प्रमाण मोठे होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली कांगडा खोऱ्यात सुरू केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध केली. त्या आधारे १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनच्या अभावाने केवळ गलगंड नव्हे, तर मतिमंदत्व, मूकबधिरत्व आणि गर्भपातही होतात, हे ध्यानी घेऊन १९९२ साली कार्यक्रमाचे नाव ‘राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम’ असे बदलण्यात आले. आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवरील केंद्रीय बंदी २००० साली उठविण्यात आली होती, ती मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. २०१८-१९च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणानुसार ७६.३ टक्के कुटुंबांपर्यंत पुरेसे आयोडीन असलेले मीठ पोहोचले होते. पुरेसे म्हणजे ग्राहकाच्या घरी किमान १५ पीपीएम, अर्थात दर किलो मिठात १५ मिलिग्रॅम आयोडीन.

दुसरा प्रश्न अतिरेकाचा. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या नियंत्रणासाठी २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मेदयुक्त यकृतविकार या कार्यक्रमात समाविष्ट करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०२३ साली कार्यक्रमाचे नाव ‘राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम’ असे झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. खाद्यपदार्थांतील कृत्रिम ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली गेली. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले.

दोन्ही धोरणांचा पाया वेगळा, यंत्रणाही वेगळ्या. दिनदर्शिकेतही ४ मार्च हा स्थूलतेचा, १९ एप्रिल यकृताचा, २५ मे थायरॉइडचा आणि २१ ऑक्टोबर आयोडीन-न्यूनता प्रतिबंधाचा, असे चार स्वतंत्र दिवस आहेत. शरीरात मात्र हे विभाग वेगळे नसतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आयोडीनयुक्त मीठ खावे, पण अधिक मीठ खाऊ नये. दिवसाला पाच ग्रॅमच्या मर्यादेत राहूनही प्रौढाची १५० मायक्रोग्रॅम आयोडीनची दैनंदिन गरज साधारणपणे भागू शकते. आयोडीनचा अतिरेकही काही व्यक्तींत अवटू ग्रंथीला अपायकारक ठरतो.

उपचारातील नवी दिशा

यकृत व अवटू संप्रेरक यांच्या नात्याचा उपयोग करून घेणारे एक औषध अलीकडे उपलब्ध झाले आहे. रेस्मेटिरोम हे औषध यकृतातील ‘बीटा’ ग्राहकांना निवडकपणे उत्तेजित करते, त्यामुळे हृदय व अस्थींवर त्याचा दुष्परिणाम टळतो. ९६६ रुग्णांवरील चाचणीत वर्षभराच्या उपचारानंतर दाहयुक्त अवस्था मात्रेनुसार सुमारे २६ ते ३० टक्के रुग्णांत निवळली. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यास मान्यता दिली. या विकारासाठी त्या देशात मान्यता मिळालेले हे पहिलेच औषध. ती मान्यताही मध्यम ते प्रगत तंतुमय अवस्थेपुरती आणि आहार व व्यायामासह वापरण्यासाठीच आहे. शंभर वर्षांपूर्वी सरसकट वापरला गेलेला ग्रंथीचा अर्क आणि आजचे निवडक औषध यांतील अंतर हे मूलभूत संशोधनाचे फळ आहे.

तरीही बहुसंख्य रुग्णांसाठी मुख्य उपचार साधाच राहतो. शरीराचे वजन पाच टक्क्यांनी घटल्यास यकृतातील मेद कमी होतो, सात ते दहा टक्क्यांनी घटल्यास दाह निवळू लागतो आणि दहा टक्के वा अधिक घट टिकल्यास तंतुमयताही मागे हटू शकते. ऐंशी किलो वजनाच्या व्यक्तीसाठी पहिली पायरी म्हणजे केवळ चार किलो. अवटू-न्यूनता सिद्ध झाली असल्यास लेव्होथायरॉक्सिनची योग्य मात्रा नियमित घेणे अनिवार्य आहे. परंतु ती त्या न्यूनतेवरील गोळी आहे, वजनावरील नव्हे.

टेपपट्टीपासून आरंभ

आनेकलसारख्या तालुक्यात या ज्ञानाचा उपयोग कसा व्हावा? त्याची सुरुवात महागड्या चाचण्यांपासून होण्याचे कारण नाही. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी जी जोखीम-पडताळणी सूची भरते, तिच्यात वय, तंबाखू व मद्य यांचे सेवन, शारीरिक हालचाल, कौटुंबिक इतिहास यांबरोबरच कमरेच्या घेराचाही समावेश आहे. घेर स्त्रीचा ८० व पुरुषाचा ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर गुण वाढतात. एकूण गुण चारपेक्षा अधिक झाल्यास त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवले जाते. आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तशर्करा तपासता येते. वय, दोन यकृतविकरांचे प्रमाण आणि रक्तातील बिंबिकांची संख्या एवढ्यावरून काढला जाणारा ‘फिब-४’ हा निर्देशांक कोणाला तज्ज्ञाकडे पाठवावे हे सांगू शकतो. टीएसएचची चाचणी लक्षणे असलेल्यांसाठी, गर्भवतींसाठी, कौटुंबिक इतिहास असलेल्यांसाठी आणि यकृतात मेद आढळलेल्यांपैकी अवटू-न्यूनतेची शंका असलेल्यांसाठी राखून ठेवल्यास खर्च वाचतो व अनावश्यक औषधेही टळतात.

या टेपपट्टीच्या कक्षेत कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार, वस्त्रोद्योगातील स्त्री आणि संगणक अभियंता हे तिघेही यावयास हवेत. कामाच्या ठिकाणच्या उपाहारगृहात रागीला पुन्हा स्थान देणे, तळलेले पदार्थ व गोड पेये मर्यादित करणे, पाळ्यांची आखणी झोपेचा विचार करून करणे, चालण्यासाठी सुरक्षित पदपथ ठेवणे या बाबी आरोग्य खात्याच्या एकट्याच्या हातातील नाहीत. त्यांत उद्योग, कामगार, नगरविकास व शिक्षण या सर्व विभागांची जबाबदारी आहे.

समारोप

गलगंडाविरुद्धच्या लढाईत चिमूटभर मिठाने मोठे काम केले, कारण तेथे कारण एकच होते व उपाय सर्वांपर्यंत एकाच मार्गाने पोहोचविता येत होता. स्थूलता व मेदयुक्त यकृत यांच्या बाबतीत असा एकच उपाय नाही. अवटू ग्रंथी हा या साखळीतील महत्त्वाचा दुवा असला, तरी बहुतेकांच्या बाबतीत ती साखळीचे उगमस्थान नाही. हे उगमस्थान ताटात, कामाच्या पद्धतीत आणि मातेच्या गर्भारपणातील पोषणात आहे. जिच्या ग्रंथीत खरोखर न्यूनता आहे तिला वेळेवर गोळी मिळावी आणि ज्याच्या यकृतात मेद साठतो आहे त्याला गोळीचा खोटा दिलासा मिळू नये, एवढा विवेक आरोग्ययंत्रणेत रुजला, तर आनेकलच्या विकासाला आरोग्याचीही जोड मिळेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. स्थूल व्यक्तीत आढळणारे किंचित वाढलेले टीएसएच हे कारण आहे की परिणाम? सकारण चर्चा करा.
२. ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणजे काय? भारतीयांसाठी स्थूलतेचे निकष वेगळे ठेवण्याशी त्याचा संबंध स्पष्ट करा.
३. १९६२ ते २००६ या काळातील आयोडीन-न्यूनता नियंत्रणाच्या धोरणातील प्रमुख टप्पे लिहा.
४. मेदयुक्त यकृतविकार राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात समाविष्ट करण्यामागील भूमिका व प्राथमिक स्तरावरील तपासणीची पद्धत विशद करा.